सोळा आण्यांचं घड्याळ

आमच्या विहिरीवर एक घड्याळ आहे. ते भिंतीवर टांगलेलं नाही, पाण्याच्या कुंडीच्या कठड्यावर ताटासारखं आडवं बसवलेलं आहे. त्याला एकच काटा, लाल रंगाचा, हातभर लांब. कडेने सोळा खुणा. काटा उजवीकडून डावीकडे सरकतो, आणि मोटर बंद असली की जागचा हलत नाही. एकदा बियाणं विकायला आलेला एक माणूस बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहून आपल्या फोनमधली वेळ त्याच्याशी जुळते का ते पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, हे बंद पडलंय का? भाऊ म्हणाले, नाही, लाइट नाही म्हणून थांबलंय. त्या माणसाला ते उत्तर काही पटलं नाही.

भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्याकडे बरीच मुलं वडिलांना भाऊच म्हणतात. आमचं गाव अमळनेर-धुळे रस्त्यावरून थोडं आत आहे. विहीर माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या चुलतभावाने मिळून खोदली, म्हणून ती निम्मी निम्मी. चुलत आजोबांचा निम्मा वाटा त्यांच्या मुलाकडे आला. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, आम्हीही. आमच्या आजोबांचा निम्मा वाटा भाऊ आणि धाकटे काका यांच्यात विभागला गेला. काका लवकर गेले, त्यांचा वाटा काकूकडे. विहिरीचे वाटे आमच्याकडे अजून आण्यांतच बोलतात. रुपयाचे सोळा आणे, तशी विहीर सोळा आणे. नाना आठ आणे, भाऊ चार, काकू चार.

हे वाटे तोंडी सांगायला सोपे, पाण्यात उतरवायला अवघड. शेतीची लाइट दिवसातून आठ तास येते. ती आली की पहिली पाळी नानांची, मग आमची, शेवटी काकूची. निम्मा वेळ नानांचा, उरलेला आमच्या दोघांत सारखा. मध्येच लाइट गेली तर नियम एकच, आणि तो कुणी केला हे कुणालाच माहीत नाही: ज्याच्या पाळीत गेली, त्याची गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

काकू कायम शेवटी असायची. दुपारपर्यंत तारा तापायच्या, लाइट जायची ती बहुतेक तिच्या पाळीत. आणि लाइट राहिली तरी विहिरीचा तळ दिसायला लागलेला असायचा. मोटर चालायची, पाइपाच्या तोंडातून थोडं पाणी आणि बरीच हवा यायची.

काकूने लिंबाची बाग लावली होती. तिच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात, स्वतः खड्डे करून. झाडं आता फळाला येणार अशा वयाची झाली होती आणि नेमका तो उन्हाळा वाईट निघाला. फाल्गुनातच विहिरीचं पाणी बरंच खाली गेलं. कपाशी गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. लिंबाचं झाड एका वैशाखात वाळलं की मागची सगळी वर्षं वाळतात. नानांनी तिला दोनदा सुचवलं होतं की जमीन बटाईने, म्हणजे वाट्याने कसायला, मला दे, तुझ्याने पाणी धरवत नाही. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. काकू दोन्ही वेळा नाही म्हणाली आणि विषय बदलला.

काकूबद्दल इथेच एक सांगायला हवं. मी अमळनेरच्या कॉलेजात शिकायला लागले तेव्हा सकाळच्या एसटीसाठी फाट्यापर्यंत चालत जावं लागे. रस्ता निर्जन. भाऊंना त्या वेळी दूध घालायचं असे. काकू म्हणाली, मी सोडते. मी पदवीधर होईपर्यंत ती माझ्याबरोबर फाट्यापर्यंत येत राहिली. एसटी दिसली की हात दाखवायची, मी चढले की परत शेतात. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. माझ्या पदवीच्या कागदावर माझं एकटीचं नाव आहे, पण मला ते कधी एकटीचं वाटलं नाही. त्यामुळे तिची बाग वाळू द्यायची नाही, हे मी कुणाला न सांगता ठरवून टाकलं.

मी तेव्हा साक्रीच्या पलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवत होते, अजूनही शिकवते. शनिवारी दुपारी निघून धुळ्यावरून घरी यायचं, सोमवारी पहाटे परत. शाळेतले एक सहकारी आदिवासी आहेत. त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरताना दिसले. मला वाटलं बिघडलं आहे. ते हसले. म्हणाले, आमचं जातं असं फिरतं, नाच असा फिरतो, लग्नातले फेरेही असेच घेतात, मग घड्याळानेच काय पाप केलं? आकडेही त्याप्रमाणे उलट क्रमाने होते, त्यामुळे वेळ बरोबर दाखवत होतं. त्यांची लहान मुलगी शाळेत सुलट घड्याळ वाचायची आणि घरी उलट, तिला काही अडत नव्हतं.

परतताना एसटीत मी तेच डोक्यात घोळवत होते. घड्याळाने कसं फिरायचं, कशाला तास म्हणायचं, हे माणसांनी आपसात ठरवलेलं आहे. मग आमच्या विहिरीवरच्या तीन घरांनी आपलं वेगळं का ठरवू नये?

माझं पहिलं घड्याळ अगदी साधं होतं. घरातलं एक सेलवर चालणारं जुनं घड्याळ घेतलं. सेल काढून टाकला आणि मोबाइलच्या चार्जरवरून त्याला लागते तेवढी लाइट दिली. मिनिटाचा काटा काढला. तासकाट्याच्या आठ तासांच्या फेऱ्याचे सोळा भाग करून कागदाची नवी तबकडी चिकटवली. लाइट असेल तोवर काटा चालणार, गेली की थांबणार, आली की तिथूनच पुढे. म्हणजे गेलेली लाइट कुणा एकाच्या माथी बसणार नाही. सोळा आणे पुरे झाले की काटा हाताने पहिल्या खुणेवर आणायचा आणि नवी फेरी, मग दिवस कुठलाही असो.

नानांनी तबकडी निरखून पाहिली. "आना तं कवयच बंद व्हई गया, पोरी," ते म्हणाले. "तुनं घड्याळ नवं शे का जुनं?"

आणे कधीच बंद झाले, हे खरंच होतं. पण त्यांनी लावू दिलं. त्या आठवड्यात त्यांच्याच पाळीत दोनदा लाइट गेली होती.

चार-पाच दिवस बरे गेले. मग शनिवारी मी आले तर विहिरीवर हशा चालला होता. मी चार्जर मोटरच्या खोलीतल्या बल्बच्या बोर्डात खोचला होता. मोटरला तिन्ही तारांत लाइट लागते. ती बंद झाली तरी बल्बापुरती एका तारेत लाइट राहते, हे खानदेशातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मला पदार्थविज्ञानाची पदवी असून त्या वेळी आठवलं नाही. त्या दिवशी दुपारी मोटर बंद, बल्ब चालू, आणि घड्याळ आपलं निष्ठेने चालत राहिलेलं. काकूचे चारही आणे कोरडेच सरले होते.

"मास्तरीणबाई," नानांचा मोठा मुलगा म्हणाला, "घड्याळ चालस, मोटर नही चालस. आते घड्याळनं पानी पाजू का मकाले?"

मी चूक दुरुस्त करायला निघालेच होते. तार मोटरच्या स्टार्टरवरून घेतली असती की झालं असतं. पण त्याआधी मी काकूच्या बांधावर गेले. लाइट परत आली होती आणि नाना म्हणाले होते की जाऊ दे, तिला घेऊ दे आता. काकू पाइपाच्या तोंडाशी उभी होती. मोटर घरघरत होती आणि पाणी करंगळीएवढं. कडेच्या झाडांची पानं द्रोणासारखी वळली होती. मी तिला म्हटलं, तुझा गेलेला वेळ मी भरून देते, घड्याळ नीट करते.

"माले टाइम नको वं माय," काकू म्हणाली. "पानी जोयजे."

ती रागावून बोलली नव्हती. तिने फावडं उचललं आणि ते करंगळीएवढं पाणी पुढच्या आळ्याकडे वळवलं. मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या घड्याळात मुळातच काय चुकलंय ते मला कळलं. ते वेळ वाटत होतं. सकाळचा तास आणि दुपारचा तास त्याला सारखाच. विहिरीला तसं नव्हतं.

भाऊ म्हणाले, मग पाण्याचं मीटर बसवू, बाजारात मिळतं. नानांपुढे मीटर हा शब्द काढला तर ते उठूनच उभे राहिले. आज मीटर लावाल, उद्या त्याचं बिल येईल, आणि विहीर आमची असून आम्हीच भरत बसू. शिवाय मीटरचे आकडे रोज वाढत जातात, कालचे वजा करून आजचे काढायचे, ते काकूला जमणार नाही आणि नानांना आवडणार नाही. मला हवं होतं ते घड्याळच. कुणीही लांबून पाहावं आणि समजावं. फक्त ते पाण्याने चालायला हवं.

मला ते सुचायला दोन शनिवार गेले आणि बनवायला आणखी काही. आमच्या मोटरचं सगळं पाणी आधी एका सिमेंटच्या कुंडीत पडतं आणि तिथून ज्याची पाळी त्याच्या पाटात जातं. कुंडीच्या तोंडाशी मी एक पत्रा आडवा लावला आणि त्याला एका रेषेत, एका मापाची दहा भोकं पाडून घेतली. कुंडीत पाणी जास्त असो की कमी, दहाही भोकांतून सारखंच पडणार. नऊ भोकांचं पाणी सरळ पाटात. दहाव्याखाली तेलाचा डबा उभा कापून केलेली दोन खणांची डोलणारी पेटी ठेवली. एक खण भरला की पेटी त्या बाजूला कलंडते, रिकामी होते, दुसरा खण भोकाखाली येतो. तो भरला की उलट. ते पाणीही पाटातच जातं, थेंब वाया नाही.

पेटीच्या दर कलंडण्याला एक पट्टी एका दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलते. त्या चाकाचा पुरा फेरा झाला की शेजारचं चाक एक दात सरकतं, आणि काटा त्या दुसऱ्या चाकावर. दोन्ही चाकं मोडीतल्या सायकलींची. अमळनेरला सायकलच्या दुकानात मी ती निवडत बसले तेव्हा दुकानदाराने विचारलं, सायकल कुणासाठी? घड्याळासाठी म्हटल्यावर त्याने आणखी काही विचारलं नाही, दोन बेअरिंग मात्र कागदात बांधून वरून दिले.

तबकडीच्या बाबतीत मला त्या सहकाऱ्यांच्या भिंतीची आठवण झाली. विहिरीच्या पूर्वेला सगळी नानांची जमीन, वायव्येला आमची, नैर्ऋत्येला काकूची. पाळीचा क्रम नाना, आम्ही, काकू. वरून पाहिलं तर तो क्रम नेहमीच्या घड्याळाच्या उलट, उजवीकडून डावीकडे जातो. मग तबकडी उभी कशाला लावायची? ती आडवी ठेवली, अर्धं वर्तुळ नानांच्या शेताकडे, पाव आमच्याकडे, पाव काकूकडे, आणि काटा उलटा फिरवला. आता आकडा वाचायची गरजच उरली नाही. काटा ज्याच्या शेताकडे बोट दाखवील, त्याचं पाणी. सोळा आण्यांना एवढं पाणी, हे मापाने पक्कं. चांगल्या दिवसांत फेरा एका दिवसात होईल, उन्हाळ्यात दोन-दोन दिवस लागतील. लाइट गेली, विहीर आटली, काटा तिथेच थांबेल आणि पाणी आल्यावर तिथूनच निघेल. कायमचं शेवटी कुणीच राहणार नाही.

नानांना ते शेवटचं लगेच समजलं. ते म्हणाले, म्हणजे सकाळची भरलेली विहीर दर वेळी माझी नाही. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बापापासून ती आमची आहे. मी म्हटलं, आठ आणे तुमचेच आहेत नाना, त्यातलं एक वाटीभर कमी होणार नाही. पण सकाळ कुणाच्या वाट्यात लिहिलेली नाही.

भाऊंनी माझ्याकडे डोळे वटारले. मी पहिल्यांदाच नानांशी असं बोलले होते. नानांनी तंबाखू मळून दाढेत धरली.

"एक फेरा," ते म्हणाले. "पटना नही तं काढी फेकसू."

पहिल्याच फेऱ्यात घोळ झाला. नानांच्या पाळीत काटा सुस्तावला. पाहिलं तर दहाव्या भोकात कडुनिंबाचा पाला अडकलेला. कुंडीवर कडुनिंब आहे हे खरं, पण बाकीची नऊ भोकं स्वच्छ होती. नानांचा मोठा मुलगा म्हणाला, वाऱ्याने पडला. काकू म्हणाली, वारा मोठा हुशार. मी चिडून काही बोलणार होते, तेवढ्यात आमची पाळी सुरू झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच भोकात पाला. भाऊ शेजारीच बसले होते, त्यांना तो दिसला नव्हता म्हणे. मग मात्र मला राग धरता येईना. काटा हळू चालला की ज्याची पाळी त्याला पाणी जास्त मिळतं, आणि एवढा फायदा समोर असताना कुणाच्याच डोळ्यांना पाला दिसत नाही.

मी भोकावर जाळी लावली. जाळीही गाळाने भरायची. नानांचा मुलगा म्हणाला, बघा, हे चालणार नाही. मी रविवारी दिवसभर कुंडीवर बसून होते, सोमवारची रजा टाकली, पुन्हा बसले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. भोक तुंबलं की एकाचं नुकसान नक्की होतं: ज्याची पाळी पुढे आहे त्याचं. मग भोक साफ ठेवायचं काम त्याचंच. नानांच्या पाळीत भाऊंनी बसायचं, भाऊंच्या पाळीत काकूने, आणि काकूच्या पाळीत नानांकडच्या कुणीतरी. मी हे तिघांना सांगितलं तेव्हा नाना पहिल्यांदा मनापासून हसले. म्हणाले, पोरीने आम्हाला एकमेकांचे पहारेकरी केलं. पण मोडता घातला नाही. काकू तर तेवढ्यात खराट्याची एक काडी तोडून पत्र्यापाशी जाऊन बसलीसुद्धा.

फेऱ्यामागून फेरे होत गेले. काढून फेकायचं कुणी बोललं नाही, पण राहू द्या असंही बोललं नाही. खरी कसोटी वैशाखात आली.

त्या दिवशी काटा काकूच्या बाजूला होता. तिच्या पाळीत नाना स्वतः कुंडीवर बसलेले. त्यांचा मुलांवर याबाबतीत विश्वास नव्हता. विहीर दुपारीच उपसली, मोटर हवा ओढू लागली, बंद करावी लागली. काटा काकूच्या दोन आण्यांवर थांबला. तिचे दोन आणे राहिले, आणि बागेच्या टोकाच्या ओळी कोरड्या राहिल्या. त्याच ओळींची पानं वळलेली होती.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा विहीर झऱ्यांनी चांगली भरली होती. त्या उन्हाळ्यात तेवढं पाणी मी पाहिलं नव्हतं. नानांचा मोठा मुलगा आधीच स्टार्टरपाशी पोचला होता आणि त्याने त्यांच्या पाटाचं तोंड मोकळं केलं होतं. त्यांचा मका कणसात होता, त्यालाही पाण्याची घाई होती. ते काही खोटं नव्हतं. काकू फावडं घेऊन आपल्या बांधावर उभी होती. तिने हाक मारली नाही, पुढेही आली नाही. भाऊ माझ्याकडे पाहत होते. मी काही बोलले असते तर भांडणच झालं असतं.

"इहीर भरेल शे नाना," मुलगा म्हणाला. "सकायनी पाळी आपली शे."

नाना कुंडीपाशी आले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, तो कुठल्या शेताकडे आहे ते पाहिलं, आणि मग लिंबाच्या बागेकडे. काल अर्धा दिवस ते तिथेच बसून तिचं पाणी बारीक होताना पाहत होते. इतक्या वर्षांत तिच्या पाळीत ते विहिरीवर कधी थांबलेच नव्हते, आपली पाळी संपली की घरी जात असत.

"पहिले तिना दोन आना व्हऊ दे," ते म्हणाले. "मंग आपला."

मुलगा काहीतरी पुटपुटला. नानांनी खाली वाकून आपल्या पाटाचं तोंड स्वतःच्या हाताने मातीने बंद केलं आणि काकूच्या बाजूचं उघडलं. मोटर सुरू झाली. पाणी कुंडीत धडधडत पडलं, दहाही भोकांतून सारखं सुटलं, पेटी कलंडायला लागली. नाना खराट्याची काडी घेऊन दहाव्या भोकापाशी बसले, कारण पाळी काकूची होती आणि पुढची त्यांची.

पाटातून पाणी काकूपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मीही फावडं घेऊन तिच्याकडे गेले. पाण्याचा लोट आला तसा तिने पदर खोचला आणि मला म्हणाली की टोकापासून सुरू कर, त्या ओळींना आधी पाज. मी टोकाच्या आळ्यात पाणी सोडलं. माती फसफसत पाणी प्यायली. दुसरं आळं, तिसरं. काकू पुढे पुढे बांध फोडत गेली आणि मी तिच्यामागे ते बांधत गेले. विहिरीवरून नानांचा आवाज आला, सावकाश पाजा, अजून एक आणा बाकी आहे.